लंबूचा रस्ता

“कितीत कराल?” असं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तो त्या रस्त्यावर कामाला नव्हताच. नुसता चालला होता. खांद्यावर काचा पुसायची शिडी, हातात बादली, आणि बादलीतलं पाणी अजून स्वच्छ. ऊन वर आलं होतं आणि पाणी स्वच्छ होतं, हेच मघापासून त्याला आत कुठेतरी टोचत होतं. एरवी या वेळेपर्यंत पाणी बदलून व्हायचं. इतक्या वर्षांत त्याला सवयच लागली होती, दिवस कसा गेला हे तो खिशात हात घालून पाहायचा नाही, बादलीत पाहायचा. पाणी काळं तर दिवस चांगला. आज सकाळी औषधाच्या दुकानापाशी पोचला तर औषधवाला स्वतःच स्टुलावर चढून, हातात ओल्या वर्तमानपत्राचा बोळा घेऊन काच पुसत होता. त्याला पाहून औषधवाला ओशाळला, पण खाली उतरला नाही. “वाईट वाटून घेऊ नका,” तो पाठ न वळवता म्हणाला, “हल्ली आपलं आपणच.” आपलं आपणच. त्याच्या आधी चष्म्याच्या दुकानात तेच, त्याच्या आधी केशकर्तनालयात तेच. लहानपणी शाळेत स्वावलंबनावर निबंध लिहिला होता त्याने, आणि गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला होता. सगळं जग असं एका झटक्यात स्वावलंबी झालं तर त्याच्यासारख्यांनी करायचं काय, हे त्या निबंधात नव्हतं. घरी जावंसं वाटत नव्हतं. इतक्या लवकर घरी गेलं की बायको काही विचारत नाही, आणि तिचं ते न विचारणं घरभर पसरून राहतं. म्हणून पाय नेतील तिकडे चालला होता, आणि पायांनी त्याला घड्याळाच्या दुकानापलीकडे, लंबूच्या रस्त्यावर आणून सोडलं होतं.

“मी इकडचा नाही,” तो म्हणाला. “इथलं लंबू बघतो.”

“ते येत कुठे आहेत?” डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. तोंडावरची पट्टी हनुवटीवर ओढलेली, डोळ्यांखाली काळं. “काचा बघा कशा झाल्यात. मुळात पेशंट कमी. दात दुखला तरी लोक गोळी घेऊन ढकलतायत. त्यात बाहेरून हे असं दिसलं तर आत कोण येईल? आणि खरं सांगू, ते घ्यायचे तेवढं आता मला परवडणारही नाही. निम्म्यात करत असाल तर करा. नाहीतर तो गाडीवाला येऊन विचारून जातोच.”

गाडीवाला त्याला माहीत होता. सगळ्यांनाच माहीत होता. कुठल्याशा कंपनीतून कमी केलेला तरुण माणूस, स्वतःच्या मोटारीत पाण्याचा पंप बसवून फिरायचा, लांब नळीला ब्रश लावून जमिनीवरूनच वरच्या काचा धुवायचा. हल्ली असे पुष्कळ झाले होते. लंबू म्हणायचा, काचा पुसायला लागतं काय? दोन हात आणि एक बुडालेली नोकरी. लंबूचं हे वाक्य आठवून त्याला हसू यायला हवं होतं. पण त्याच वेळी त्याने स्वतःचा आवाज ऐकला. आवाज म्हणाला, “करतो.”

शिडी भिंतीला लावताना त्याच्या मनात काहीच नव्हतं, म्हणजे नसावं अशी त्याने काळजी घेतली. पहिला ओला हात मारला. काचेवरची धूळ विरघळून ओघळली, आणि त्या ओघळांतून आतला दिवा दिसायला लागला. लंबूने त्याला हा हात शिकवला होता. तो कामाला होता तो छापखाना बंद पडला ते दिवस. तेव्हाही अशीच मंदी होती, पण तेव्हा तो तरुण होता आणि मंदी ही हवेसारखी वाटायची, येते तशी जाते. छापखान्याच्या फाटकासमोर सगळे कामगार मेलेल्या माणसाच्या घरी बसावं तसे बसले होते, आणि समोरच्या इमारतीच्या काचा पुसणारा एक ताडमाड उंच माणूस शिडीवरून खाली बघून ओरडला होता, “अरे, कुलूप बघून पोट भरतं काय? एकाने या वर, मला जोडीदार पाहिजे!” बाकीचे हसले. तो उठला. का उठला कोण जाणे. मग वर्षभर लंबूच्या मागे बादली घेऊन फिरला, आणि एक दिवस घड्याळाच्या दुकानासमोर उभं राहून लंबूने हात आडवा करून हवेत रेघ ओढली. “इकडचा तुझा, तिकडचा माझा. मी तुझ्यात येणार नाही, तू माझ्यात यायचं नाही.” तो म्हणाला होता, “अरे, हा सगळा तुझाच रस्ता आहे.” “होता,” लंबू म्हणाला. “आता अर्धा आहे. कुत्री आपल्यापेक्षा बरी गड्या, ती निदान खांबाखांबावर खूण करून ठेवतात. आपलं सगळं तोंडी.” आणि ते तोंडी इतकी वर्षं टिकलं होतं. मध्ये दोघांची लग्नं झाली, मुलं झाली, लंबूचा मुलगा परदेशी निघून गेला, त्याची स्वतःची लेक लग्न होऊन दूरच्या गावी गेली. रेघ जिथल्या तिथे राहिली.

वरच्या काचांपर्यंत त्याची शिडी पुरत नव्हती. त्याच्या बाजूला सगळी बैठी दुकानं. लंबूच्या बाजूला जुन्या दोन-तीन मजली इमारती. तो सगळ्यात वरच्या पायरीवर चढला, डाव्या हाताची बोटं चौकटीच्या कडेत रुतवली, आणि उजवा हात ताणला. बरगडीतून एक कळ निघून काखेपर्यंत गेली. आत खुर्चीत एक म्हातारा तोंड उघडं टाकून पडला होता आणि वर बघत होता, थेट त्याच्याकडे. तोंड उघडं असल्यामुळे त्याला फार आश्चर्य वाटतंय असं दिसत होतं. अरे, तू इथे? असं. त्याने नजर काढून घेतली आणि काचेवरून रबराची पट्टी खाली ओढली. खाली उतरताना त्याने ठरवलं, आजच्या पैशांतले निम्मे लंबूच्या बायकोकडे, वहिनींकडे द्यायचे. मग काय हरकत आहे? उलट रस्ता हातातून जायचा तो राहिला. दवाखान्यात लंबूने त्याला तेच तर सांगितलं होतं. साखरेने पायाचं बोट काळं पडलं म्हणून ते काढलं होतं, आणि पांढऱ्या चादरीतून लंबूचे पाय खाटेच्या बाहेर आले होते, नेहमीसारखेच. “माझा रस्ता तेवढा बघ,” लंबू म्हणाला होता. “कोणी नवा घुसला तर मला सांग. एकदा पाय टेकला जमिनीवर की बघतो एकेकाला.” आणि तो म्हणाला होता, “तू काळजी करू नकोस. मी आहे ना.”

मी आहे ना. हे शब्द त्याच्या तोंडात दिवसभर चव रेंगाळावी तसे घोळत राहिले. डॉक्टरीणबाईंच्या शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने त्याला हाक मारली, तिथेही तोच प्रश्न, कितीत कराल? मग वरच्या मजल्यावरची टायपिंगची शिकवणी. मग कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओ, त्याच्या काचेत नवरा-नवरींचे फोटो उन्हाने निळे पडले होते. प्रत्येक ठिकाणी तो आधी म्हणायचा, इथलं लंबू बघतो. प्रत्येक ठिकाणी ते म्हणायचे, ते कुठे येतात. चौथ्या ठिकाणी त्याने हे म्हणायचं सोडून दिलं. दुपार कलली तेव्हा बादलीतलं पाणी काळं झालं होतं, आणि गटारात ते ओतताना त्याच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय. तो दचकून थांबला. ओठ तसेच गोल राहिले. कुंपणानेच शेत खाल्लं तर सांगायचं कोणाला, अशी म्हण आई म्हणायची. पण कुंपण शेत खाताना शीळही घालतं, हे तिला माहीत नसावं.

घरी बायको इस्त्री करत होती. खोलीत गरम कपड्यांचा वास होता, पण गठ्ठा लहान होता. तिच्याकडे येणारे कपडेही निम्म्यावर आले होते. लोक आता चुरगळलेलेच घालून जातात, ती म्हणायची, कामाला जायचं असलं तर ना. त्याने पैसे टेबलावर ठेवले. तिने इस्त्री उभी केली, पैशांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“आज बरं दिसतंय.”

“हो.”

“औषधवाल्याने तर बंद केलं म्हणे. मला त्याची बायको भेटली होती.”

“नवीन मिळालं थोडं.”

“कुठे?”

तो हातपाय धुवायला गेला. नळ मोठा सोडला. बाहेर येऊन बघतो तो ती तशीच उभी होती. “घड्याळाच्या दुकानापलीकडे?” तिने विचारलं. त्याने मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी.  ती एक सदरा ओढून घेऊन इस्त्री करायला लागली आणि सदऱ्याशी बोलावं तशी म्हणाली, “रस्ता काय कोणाच्या नावावर लिहिलेला असतो? सरकारचा असतो रस्ता. आणि तुम्ही नाही केलं तर तो गाडीवाला करेल. त्यापेक्षा घरातल्या माणसाकडे गेलेलं काय वाईट?”

“निम्मे वहिनींना द्यावेत म्हणतो.”

“द्या की.” इस्त्री कॉलरवरून फिरली. “पण घरमालक उद्या येणार आहे. तो जाऊ दे. पुढल्या वेळी द्या.”

रात्री जेवताना तिने दोन घास खाऊन ताट सरकवलं. भूक नाही म्हणाली. लेकीचा फोन आला, बाबा कसं चाललंय, आणि तो म्हणाला, मजेत. तिकडून तीही म्हणाली, इकडेही मजेत. दोघांनाही एकमेकांचं खोटं पाठ झालं होतं, त्यामुळे फोन लवकर संपायचा.

पुढली वेळ आली आणि पुढल्या वेळीही काहीतरी निघालं. इस्त्रीची तार जळाली. मग त्याचीच पाठ धरली आणि औषध आणावं लागलं. निम्मे नाही तर चौथाई द्यावेत, असं तो चालताना मनाशी म्हणायचा, आणि मग चौथाई म्हणजे इतके कमी होत की ते नेऊन देण्याचीच लाज वाटायची. एवढेसे पैसे पुढे करायचे म्हणजे घेतलेलं सगळं उघड करून दाखवायचं. त्यापेक्षा न दिलेलं बरं. असं करत करत तो लंबूचा अख्खा रस्ता पुसायला लागला होता, शेवटच्या दोन-तीन इमारती सोडून. त्या का सोडल्या हे त्याने स्वतःला कधी विचारलं नाही. माणूस मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो तेव्हाही थोडं शिल्लक ठेवत असेल. रात्री डोळे मिटले की त्याला काचा दिसायच्या, आणि प्रत्येक काचेत वरच्या कोपऱ्यात, जिथे त्याचा हात पोचायचा नाही, तिथे धुळीचा एक तिकोनी तुकडा. फक्त तेवढा लंबूचा राहिलेला.

शेवटी तो लंबूला भेटायला गेला. जाणं भागच होतं. इतके दिवस न जाणं हेच बोंब मारून सांगितल्यासारखं झालं असतं. लंबूचं घर तळमजल्यावर, खोल्या बुटक्या, आणि लंबू आयुष्यभर दारातून वाकून आत जात आला होता. आता तो पलंगावर आडवा होता आणि प्रथमच त्या घरात मावल्यासारखा दिसत होता. पायाला गुडघ्याखालपर्यंत जाड पट्टी. खोलीत औषधाचा वास आणि त्या वासाखाली आणखी एक गोडूस वास.

“ये गड्या,” लंबू म्हणाला. “बस. काय म्हणतं जग?”

“जगाचं काय, चाललंय.”

“चाललंय ना? मग झालं. मला वाटलं माझ्यावाचून थांबलं असेल.” लंबू हसला. हसताना त्याच्या गालांची हाडं वर आली. वहिनी चहा घेऊन आल्या, त्याच्यासमोर कप ठेवला आणि लगेच आत गेल्या. एरवी त्या बसायच्या, लेकीची चौकशी करायच्या. चहा फार गरम होता. त्याने तो तसाच प्यायला, म्हणजे तोंडाला काम राहिलं.

“आणि रस्ता?” लंबूने विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. ताकाला जाऊन भांडं लपवायला तो आला नव्हता. निघताना त्याने ठरवलं होतं की सांगायचं. दारापर्यंत वाक्य तयार होतं: लंबू, मी करतोय तुझी कामं, तू बरा झालास की तुझी तुला. साधं वाक्य. पण लंबू उशीवरून त्याच्याकडे बघत होता, शांतपणे, वाट बघत, आणि त्या नजरेसमोर ते वाक्य आतल्या आत उलटं फिरलं.

“आहे तसाच आहे,” तो म्हणाला.

“कोणी घुसलं नाही?”

“तो गाडीवाला फिरतो अधूनमधून. मी लक्ष ठेवून आहे.”

“बरं,” लंबू म्हणाला. आणि त्याने डोळे मिटून घेतले. दुखत असेल, असं त्याला वाटलं. असं वाटून घ्यायला बरं होतं.

तो निघाला तेव्हा वहिनी दाराबाहेर आल्या. दार त्यांनी मागे ओढून घेतलं, पण पुरतं लावलं नाही. बोळातल्या भिंतीला लंबूची लांब शिडी टेकवून ठेवलेली होती, दोन भागांची, सरकवून उंच होणारी. फडक्याने नीट पुसलेली दिसत होती.

“ही घेऊन जा, भावजी.”

“मला? कशाला, वहिनी? लंबूला लागेल.”

“बुधवारी घोट्यापासून काढणार आहेत पाय.” त्यांनी हे इतक्या सपाट आवाजात सांगितलं की त्याला आधी कळलंच नाही. “मी गेले होते त्या डॉक्टरीणबाईंकडे. म्हटलं, थोडं थांबा म्हणावं, आमचे हे येतील. तुम्ही वर होतात. शेवटच्या पायरीवर, एका हाताने लटकून. मी हाक मारली नाही. हाक मारली असती आणि तुमचा तोल गेला असता तर?”

त्याला काही बोलायचं होतं. “वहिनी, मी निम्मे...” एवढंच निघालं.

“निम्मे राहू देत. शिडीचे काय द्यायचे ते द्या. फुकट देण्यासारखे दिवस नाहीत आमचे.”

“लंबूला सांगू नका. मीच सांगेन. नंतर.”

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. “त्यांनीच तर पुसून ठेवलीय,” त्या म्हणाल्या. “मी घरी येऊन सांगितलं त्याच संध्याकाळी. खाली बसून, घसटत घसटत. म्हणाले, त्याची शिडी तिथे पुरायची नाही, पडेल कधीतरी.”

आणि अर्ध्या उघड्या दारातून लंबूचा आवाज आला, नेहमीसारखाच, शिडीवरून खाली यायचा तसा. “अरे, वरची कडी सैल आहे! चढण्याआधी घट्ट करून घे!”

त्याने “हो” म्हटलं की नाही, हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही. शिडी खांद्यावर घेतली तेव्हा तिचं वजन त्याच्या कल्पनेपेक्षा कमी निघालं, आणि त्याचंच त्याला फार वाईट वाटलं. वाटेत एका भिंतीशी थांबून त्याने कडी घट्ट केली.  लंबूला सगळं माहीत होतं, आणि तरी त्याने विचारलं, आणि रस्ता? आणि कोणी घुसलं नाही? एकदा नाही, दोनदा संधी दिली. नाहीतर संधी वगैरे काही नसेल. आजारी माणूस नुसता गप्पा मारत असेल. यातलं कुठलं खरं, ते आता लंबूला विचारता येणार नव्हतं. तेवढं एक दार त्याने स्वतःच लावून घेतलं होतं. बायकोला त्याने सांगितलं, लंबूने शिडी दिली. तिने विचारलं, दिली की विकली? विकली, तो म्हणाला. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं.

बुधवार गेला. लंबूचा पाय गेला. तो दवाखान्यात गेला नाही. जाईन म्हणाला आणि गेला नाही. त्या आठवड्यात एका सकाळी तो लांब शिडी घेऊन घड्याळाच्या दुकानापलीकडे वळला तर डॉक्टरीणबाईंच्या दारापाशी मोटार उभी होती. गाडीवाला जमिनीवर उभा राहून नळी वर धरून होता, पाण्याचे तुषार उडत होते, आणि वरचे कोपरेसुद्धा स्वच्छ होत होते. गाडीवाल्याने त्याला पाहून मान खाली घातली. त्याच्या पायात ऑफिसात जायचे बूट होते, पाण्याने भिजून फुगलेले. डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या, “अहो, हे तुमच्याहूनही कमीत करतायत. मी तरी काय करू?” तो म्हणाला, “बरोबर आहे.” चपलांचं दुकान बंद होतं, काचेवर आतून कागद चिकटवले होते. टायपिंगची शिकवणी पुढल्या महिन्यात बघू म्हणाली. फोटो स्टुडिओवाला स्वतःच बोळा घेऊन उभा होता. तो चालत राहिला. शिडी मागेपुढे झोके खात होती, वळताना लोक बाजूला होत होते. बादलीतलं पाणी डचमळून त्याच्या पायावर सांडलं, स्वच्छ, थंड. रस्ता संपत आला, त्याने न शिवलेल्या त्या शेवटच्या इमारती आल्या.

“लंबू! ए लंबू!”

वरून हाक आली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक म्हातारी उभी होती, जाड भिंगांचा चष्मा, काच हाताने चाचपत असलेली. तिला खालची ती लांब शिडीच तेवढी ओळखता आली असावी. “तिथे काय उभा राहिलास? लाव शिडी!”

त्याने आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. त्याने शिडी भिंतीला टेकवली, वरचा भाग सरकवला, आणि चढला. शिडी बरोबर खिडकीपर्यंत पोचली. खिडकीची एक झडप अर्धवट उघडी होती, तिच्यातून म्हातारीच्या खोलीतला बंद घराचा उबट वास आला. आत एक खुर्ची, एक पलंग, भिंतीवर कोणाचे तरी फोटो. म्हातारी अगदी काचेजवळ आली. तिचे डोळे भिंगांमागे दुधाळ, मोठे, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर नव्हते, त्याच्या खांद्याच्या जरा वर कुठेतरी होते.

“किती दिवस लावलेस रे,” ती म्हणाली. “मुलगा म्हणतो, बंद करून टाक आई, तुला तसंही काय दिसतं? कमीत करणारे पुष्कळ आहेत, नाहीतर मीच येऊन पुसतो. म्हटलं, नाही. आमचा लंबू येईल. पाय दुखतोय त्याचा, पण येईल. तुझ्यासाठीच चालू ठेवलंय हो मी.” तिने कान काचेकडे केला. “कसा आहे पाय?”

खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्याच्या हातात ओलं फडकं होतं आणि त्यातून पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. सांगायला एक वाक्य पुरे होतं. तेही लंबूच्या घरी नेलेल्या वाक्यासारखंच साधं होतं.

“बरा आहे, आजी,” तो म्हणाला.

“आवाज बसलाय तुझा.”

“सर्दी झालीय.”

“जप बाबा,” म्हातारी म्हणाली, आणि चाचपडत जाऊन खुर्चीत बसली, खिडकीकडे तोंड करून, दोन्ही हात मांडीवर घेऊन. त्याने झडप ओढून घेतली. साबणाचा हात काचभर फिरवला. काच पांढरी झाली आणि म्हातारी दिसेनाशी झाली. पट्टी ओढायला त्याने हात वर नेला, आणि तो तिथेच थांबला. फेस हळूहळू खाली सरकत होता.